अर्धा पंप औषध

साल २०२३. माझं वय त्र्याहत्तर. शाळा म्हणाल तर तिसरी, तीही अर्धी, कारण पावसाळ्यात मी वर्गात कमी आणि चिखलात जास्त असायचो. त्यामुळे हे लिहिणं बोलल्यासारखंच येणार. ज्याला ते चालत नसेल त्याने इथेच थांबावं, त्याचा मला राग नाही. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

आमचं गाव पनवेलहून आपट्याच्या बाजूला जाताना आत वळल्यावर लागतं. भात लावणारी घरं आता मोजकीच राहिली. बाकीच्यांच्या खाचरांत कुठे गोदाम उभं आहे, कुठे नुसतं पत्र्याचं कुंपण. मी लावतो. लोक विचारतात, कशाला? मी म्हणतो, तुम्ही सकाळी चहा कशाला पिता? काही गोष्टी विचारायच्या नसतात.

आमच्या घरात एक तांबडं भात आहे. दुकानात ते मिळत नाही. बापाने लावलं, मी लावलं. ओढ्याकडच्या माझ्या खाचरात दोन-दोन दिवस पाणी तुंबतं, रस्त्याचा भराव झाल्यापासून तर जास्तच. पाकिटाचं भात तिथे कुजून जातं. हे तांबडं मात्र पाणी ओसरलं की अंग झटकून उभं राहतं. त्याची पेज प्यालेला माणूस दुपारपर्यंत भूक म्हणत नाही. गावात पूर्वी दहा घरांत हे बियाणं होतं. एकेकाने सोडलं. शेवटी माझ्या एकट्याकडे राहिलं. मला त्याचा गर्व होता. लपवून काय करू, होता.

दरवर्षी पेरताना पायलीभर बियाणं मी मागे ठेवतो. यंदा दाणे हातात घेतले तर हलके वाटले. म्हटलं, उगवण कमी होणार. म्हणून राखलेली पायलीही पेरून टाकली. आणि झालं उलटंच, दाणा न् दाणा उगवला. सहा वाफे असे भरून आले की बायको म्हणाली, "दृष्ट लागंल, लोकांना बांधावर बोलावत जाऊ नका." मी बोलावत होतो हे खरं आहे.

आता तणाचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथूनच आहे. पूर्वी भात बेणायला, म्हणजे मधलं गवत उपटायला, बायकांची रांग असायची. आता त्याच बायका सुकापूरच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटायला जातात. डोक्यावर पंखा, पायाला चिखल नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण तण काही सुकापूरला गेलं नाही. ते इथेच आहे. म्हणून गावात तणाचं औषध आलं, आणि औषधाबरोबर जळलेली पिकं आली.

हे औषध कसं वापरायचं ते गावाला मी शिकवलं. पुस्तकातून नाही, दुसऱ्यांची जळलेली शेतं बघून. एकाने वाऱ्यात बांधावर फवारलं आणि शेजारच्या पडवळीची पानं आखडून मुठीसारखी झाली. दुसऱ्याने लावणीनंतर टाकायचं औषध पेरलेल्या दाण्यावर टाकलं, मोड जमिनीतच मेला. तिसऱ्याने खाचरात ढोपरभर पाणी असताना मारलं आणि मग रोप पिवळं का पडलं म्हणून देवाला विचारत बसला. मी प्रत्येकाला सांगितलं, चूक कुठे झाली ते. आवाज चढवूनच सांगितलं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याची जीभ तिखट आहे, पण त्याचं भात कधी जळत नाही.

आणि आवणात तर मी तणाचं औषध नेतच नाही. आवण म्हणजे लावणीसाठी वाफ्यात वाढवलेलं रोप. मी राब भाजतो. उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, पालापाचोळा, वरून माती असा थर रचायचा आणि सावकाश जाळायचा. गवताचं बी तिथेच मरतं. आता राब भाजणारेही कमी झालेत, धूर होतो म्हणून नव्या इमारतीतले लोक ओरडतात. ओरडू दे.

पाठीवरचा फवारणीचा पंप माझ्याकडे एकच. त्यात मी फक्त किडीचं औषध घालायचो. लावणीनंतरचं तणाचं औषध मी वाळूत कालवून फेकतो, ते पंपाला लागतच नाही. त्यामुळे पंप धुण्याची मला सवय नव्हती. वापर झाला की पाण्याने एकदा हिसळायचा आणि पडवीत खुंटीला टांगायचा.

तो पंप मागायला शेजारी आला.

त्याचं शेत माझ्या शेताला लागून आहे. वीस वर्षं आखातात काढली त्याने, क्रेनवर. होता कुवेतला, पण गाव त्याला दुबईवाला म्हणतं. पन्नाशीत परत आला आणि बापाची पडीक जमीन लावायला घेतली. भाताचं त्याला पहिल्या वर्षी काही कळत नव्हतं. चिखलात उभं कसं राहायचं इथपासून मी दाखवलं. मला चाचा म्हणतो, बायकोला चाची. माणूस अदबीचा आहे, इतका अदबीचा की कधीकधी मला त्याचाच राग येतो.

"चाचा, पंप द्याल का दोन दिवस? बांधावर—"

"मी विचारलं का, कशाला? पडवीत हाय. घेऊन जा."

"नाय, म्हटलं सांगून ठेवावं, औषध—"

"अरे घे म्हटलं ना! देताना चौकशी करायला मी काय तलाठी हाय?"

तो हसला आणि पंप घेऊन गेला. तो दोनदा सांगायला गेला होता. दोन्ही वेळा मी त्याला बोलू दिलं नाही. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

पंप परत आला तेव्हा मी घरी नव्हतो, पनवेलला डोळे दाखवायला गेलो होतो. आलो तर बायको तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पंप आणून दिला शेजाऱ्यानं. अर्धा भरलेला हाय. औषध ठेवलंय तुमच्यासाठी असं बोलला."

"बरं."

"कसलं ते विचारून घ्या त्याला. उद्या तो मुंब्र्याला चाललाय लेकीकडं, तिची तारीख जवळ आलीय."

"मला माहीत हाय कसलं."

"कसं काय माहीत?"

"माहीत हाय म्हटलं ना."

मला असं वाटण्याला कारण होतं. चार दिवसांपूर्वी आम्ही दोघं बांधावर उभे होतो. माझ्या आवणावर निळे भुंगेरे आले होते, पानं खरवडून पांढऱ्या रेघा काढत होते. त्याच्याकडेही होते. कुठलं औषध आणायचं ते मीच त्याला सांगितलं होतं. तेव्हा त्याने तेच आणलं, आपल्या आवणावर मारलं आणि उरलेलं माझ्यासाठी ठेवलं, असा माझा सरळ हिशोब.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. पंपाचं झाकण काढलं. किडीच्या औषधाचा वास कसा असतो? नाकातून डोक्यात जातो. हे तर जेमतेम साबणाच्या पाण्यासारखं. तिथे माझा हात थांबायला हवा होता. पन्नास वर्षांचं नाक आहे माझं, त्याने मला सांगितलं होतं. पण मी म्हटलं, दुबईवाल्याने पातळ केलेलं दिसतंय, औषध घालताना त्याचा हात आखडतो. आणि पंप पाठीला लावला.

पाच वाफे झाले आणि पंप संपला. सहावा राहिला. उद्या नवीन औषध आणून मारू म्हटलं, तर रात्रीपासून पावसाने धरलं, आणि भुंगेरे आपोआप कमी झाले. सहावा वाफा तसाच राहिला.

पाचव्या दिवशी कोवळी पानं फिकी पडली. मी म्हटलं, पाऊस जास्त झाला, नत्र वाहून गेलं. सातव्या दिवशी शेंडे पिवळे, मग तांबूस. नवव्या दिवशी मी एक काडी ओढली तर ती कसलाच हट्ट न करता हातात आली. जिवंत रोप असं येत नाही. ते ओढताना थोडं भांडतं.

पाच वाफे एकसारखे. सहावा हिरवागार, मध्ये फक्त हातभर बांध.

बघायला कोणी बोलावलं नव्हतं तरी माणसं आली. एक म्हणाला, रसायनीच्या कंपनीचा धूर. मी विचारलं, धुराने पाच वाफे मोजले आणि सहावा सोडला का? दुसरा म्हणाला, आजोबा, दृष्ट लागली, एवढं दाखवत होतात. बायकोने माझ्याकडे बघितलं. मुलगा रोडपालीला राहतो, त्याने फोनवर सांगितलं, "बाबा, फोटो पाठवा." मी म्हटलं, फोटोने ते हिरवं होणार हाय का?

बायको म्हणाली, "शेजाऱ्याला फोन लावा. त्यानं पंपात काय ठेवलेलं ते विचारा."

"त्याला विचारू? त्याला आवण मी शिकवलंय."

"म्हणून काय त्याला तोंड नाय?"

मी फोन लावला नाही. मी पनवेलला दुकानात गेलो.

हे औषधांचं दुकान जुन्या बाजारात आहे. दुकानदार पोरसवदा, बापाच्या जागी बसलेला. मी मातीसकट उपटलेला चूड, म्हणजे रोपांची जुडी, पिशवीतून काढून काचेवर ठेवला.

"काका, काचेवर नका ना."

"हे बघ आधी. कसलं भेसळ औषध विकता तुमी?"

त्याने एक काडी उचलली, मधलं पान उलगडलं, उजेडात धरलं. मला वाटलं नव्हतं त्याला काही कळेल.

"आमच्याकडून कधी नेलं होतंत?"

"मी नाय नेलं. दुसऱ्यानं नेलं असंल."

"म्हणजे काय नेलं ते तुम्हाला माहीत नाही?"

"भुंगेऱ्याचं."

"काका, भुंगेऱ्याच्या औषधाने असं होत नाही. हे तणनाशक आहे. तेही बांधावर मारतात ते, सगळंच मारणारं. ते पानातून आत जातं आणि आधी कोवळं पान मारतं."

"माझ्या आवणात तणनाशक पन्नास वर्षांत गेलं नाय."

"पंप कोणाचा?"

"माझा."

"मध्ये कोणाला दिला होता?"

आता बघा. तो सरळ प्रश्न होता. सरळ उत्तर होतं. आणि मी त्या पोराच्या तोंडावर म्हटलं, "कोणाला नाय."

का म्हटलं? कारण त्याच क्षणी मला साबणाच्या पाण्याचा तो वास आठवला. काय झालं असेल ते मला तिथे, त्या काचेपाशी कळलं होतं. पण गावाला शहाणपण शिकवणारा माणूस न बघता पंप पाठीला लावतो, हे मला एका पोरासमोर कबूल करायचं नव्हतं.

तो म्हणाला, "बरं. तरी एक करा. पंप धुण्याच्या सोड्याने धुवा, एकदा नाही, तीनदा. नळी आणि नोझल सोडवून. आत थेंब राहिला तरी कोवळ्या रोपाला पुरतो. आणि तोवर उरलेल्या आवणावर त्या पंपाने काही मारू नका. खरं तर तणाचा पंप वेगळाच ठेवावा."

"मला शिकवतोस?"

"तुम्ही विचारायला आलात म्हणून सांगितलं, काका."

मी तो चूड पिशवीत कोंबला आणि निघालो. काचेवर चिखल राहिला, तो मी पुसला नाही.

आता यापुढचं ऐका, कारण आतापर्यंतचं निदान अनवधानाने झालं असं म्हणता येईल. घरी आलो. सहावा वाफा हिरवा होता, पण मला तोही फिका दिसायला लागला. डोळ्यांचा दोष असेल, भीतीचा असेल. वाटलं, याला युरियाचं पाणी मारावं, म्हणजे तग धरेल. पंप खुंटीला होता. सोडा घरात होता, बायको कपड्यांना वापरते. पण सोड्याने पंप धुणं म्हणजे त्या पोराचं ऐकणं, आणि पंपात तणाचं औषध होतं हे मान्य करणं. मी पाण्याने एकदा हिसळला. पन्नास वर्षं हिसळत आलोय तसा. नळी सोडवली नाही. युरियाचं पाणी भरलं आणि सहाव्या वाफ्याच्या पश्चिमेच्या टोकापासून सुरुवात केली.

नळीत जे अडकून होतं ते आधी बाहेर आलं. पाच दिवसांनी त्या टोकाकडून पिवळं पडत आलं. पुढे पुढे पाण्याने नळी साफ होत गेली असणार, कारण वाफ्याच्या निम्म्यावर पिवळेपणा थांबला. पुढचा अर्धा वाफा वाचला.

म्हणजे सहा वाफ्यांतले पाच मी माहीत नसताना मारले आणि अर्धा माहीत असताना. बापाच्या हातचं जे बियाणं होतं, त्यातलं आता अर्धा वाफा हिरवं उरलं होतं. घरात दाणा नव्हता, गावात कोणाकडे नव्हता.

बायकोला मी दुकानातलं काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ती विचारत नाही तेव्हा तिला माहीत असतं.

सहावा वाफा पिवळा पडला त्याच दिवशी संध्याकाळी शेजारी मुंब्र्याहून परतला. नातू झाला होता. हातात मिठाईचा खोका. घरी आम्ही दिसलो नाही म्हणून तो थेट वाफ्यावर आला. मी आणि बायको बांधावर उभे होतो.

"चाचा, नाना झालो मी! घ्या, तोंड गोड करा. आणि ते औषध पुरलं ना बांधाला? कमी तर नाय पडलं?"

मग त्याने खाली बघितलं.

"या अल्ला. हे काय झालं?"

मी म्हटलं, "बांधाला?"

"हा. तुमच्या ओढ्याकडच्या बांधाला. गवत कमरेएवढं झालंय. तुमचे गुडघे वाकत नायत, मी बघतो ना रोज. म्हणून माझे बांध मारले आणि अर्धा पंप मुद्दाम तयार ठेवला. म्हटलं, चाचांचं तेवढं काम हलकं होईल." त्याने पुन्हा वाफ्यांकडे बघितलं. "चाचा... तुमी ते आवणावर मारलंत?"

मी ओरडलो. तेच मला येतं. "दुसऱ्याच्या पंपात तणाचं औषध ठेवून परत देतात? कुठल्या देशात शिकलास? पंप धुऊन, मोकळा करून द्यायचा असतो हे सांगायला लागतं?"

आणि मग तोही ओरडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मोकळा? तुमी मला सांगता मोकळा दे? गौरीच्या वेळी तुमच्याकडून करंज्यांचा डबा आला, माझ्या बायकोनं डबा घासून, पुसून परत दिला, तर तुमी चार माणसांत काय बोललात? 'आमच्यात रिकामं भांडं परत येत नाय, आखातात राहून माणसं रीतभात विसरली.' ती घरी येऊन रडली, चाचा. त्या दिवसापासून मी तुमची एक वस्तू मोकळी परत दिली नाय. शिडी दिली तरी तिला शहाळी बांधून दिली!"

हे खरं होतं. शिडीला दोन शहाळी होती. कोयता परत आला तो केळीच्या पानांच्या गठ्ठ्यात खोचून. आणि मला ते आवडायचं. मी बायकोला म्हणालोही होतो, बघ, एकदा बोललं की माणूस सुधारतो.

"पंप म्हणजे भांडं हाय का?" मी म्हटलं. आवाज तेवढा मोठा राहिला नव्हता.

"मी देतेवेळी चाचीला सांगितलं, औषध हाय म्हणून. कोणी न विचारता, न बघता पाठीला लावतं का? तुमीच मला शिकवलंत ना, बाटली वाचून घे, वास घेऊन बघ, वारा बघ? मी तुमचं सगळं ऐकतो. तुमी कुणाचं ऐकता?"

बायको म्हणाली, "मी यांना सांगितलेलं. विचारून घ्या म्हटलेलं."

"तू गप बस."

"मी गप बसून बसूनच हे झालंय," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता त्याच्या हातातला खोका घेतला. "पोराला बघायला येईन मी. आई बरी हाय ना?"

"बरी हाय, चाची." त्याचा आवाज खाली आला. मग मला म्हणाला, "चाचा, माझं आवण उरतंय. लागंल तेवढं घ्या. खाचरं मोकळी नका ठेवू."

"तुझ्या पाकिटाचं भात माझ्या खाचरात नाय येणार."

 तो गेला. जाताना त्याने सलाम केला नाही. रोज करतो.

घरी आलो. बायकोने पेज वाढली, तांबड्या तांदळाची, मागच्या वर्षीच्या. मी म्हटलं, यात दोन-चार अख्खे दाणे असतील का पेरायला? ती म्हणाली, "गिरणीतून काढलेला तांदूळ उगवतो का? डोकं ठिकाणावर हाय ना?" तेवढंच बोलली.

मी डोक्यात मांडत बसलो. आम्ही एका जागी तीन-चार काड्यांचा चूड लावतो. बापाने तसंच लावलं. त्या रीतीने अर्धा वाफा आवण ओढ्याकडच्या खाचराचा एक कोपराही भरणार नाही. पण एका जागी एकच काडी लावली, हात-हात सोडून, तर तेवढंच आवण पूर्ण खाचराला पुरतं. एकटी काडी फुटवे जास्त काढते, हे बांधाच्या कडेला चुकून पडलेल्या रोपांवर मी बघितलं होतं. भात खायला कमी मिळेल. पण बियाणं मिळेल. मात्र एकेक काडी मुळाला धक्का न लावता वेगळी करायची, तर ते काम सावकाश हाताचं आहे. माझी बोटं थरथरतात. बायकोची कंबर गेलेली. लावणीला येणाऱ्या मजुरांना एक काडी सांगितली तर ते चार लावतील आणि वर हसतील. सांगितलेलं तंतोतंत करणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला होता, आणि तो आज सलाम न करता गेला होता.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग?"

"मग काय?"

"मग काय ते तुमीच बघा. मी काय फोन लावणार नाय."

मला माझी चीड येत होती, पण खरं सांगू, त्याचीही येत होती. इतकं ऐकायचं असतं का कुणाचं? मी रागात बोललेलं एक वाक्य धरून त्याने शिडीला शहाळी बांधली. एकदा तरी म्हणायचं होतं, चाचा, तुम्ही चुकताय, पंप मोकळाच परत द्यायचा असतो. तो म्हणाला नाही. म्हणायला गेला तेव्हा मी म्हणू दिलं नाही. परत फिरून माझ्यावरच. दुकानातल्या त्या पोराशी मी खोटं बोललो, बायकोला गप बस म्हटलं, आणि एवढं करून वाचलं काय, तर अर्धा वाफा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला थांबलो नाही. पंप अंगणात घेतला, नळी सोडवली, नोझल सोडवलं, बायकोचा सोडा घेतला आणि तीनदा धुतला. मग शेजाऱ्याच्या दारात गेलो. इतक्या वर्षांत त्याच्या दारात काही मागायला मी गेलो नव्हतो. त्याच्या बायकोने दार उघडलं. तिला बघून जे बोलायचं ठरवलं होतं ते विसरलो. म्हटलं, "त्या डब्याचं मी चुकीचं बोललो." तिने आत जाऊन त्याला उठवलं.

तो डोळे चोळत बाहेर आला.

"आवण उपटायचंय," मी म्हटलं. "ओढ्याकडच्या खाचरात तांबडं जाईल. बाकीच्यात तुझं उरलेलं टाक."

"पाकिटाचं?"

"पाकिटाचंच. आता डोकं खाऊ नको, चल. आणि एका जागी एकच काडी. दोन लावल्यास तर घरी पाठवीन."

"एक म्हणजे एक, चाचा," तो म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

वाफ्यावर जाऊन मी पश्चिमेच्या पिवळ्या भागाच्या कडेला एक काठी रोवली, तिच्या पलीकडची काडी घ्यायची नाही म्हणून. मग आम्ही दोघं वाकलो, मी थोडा, तो पूर्ण. ऊन वर येईपर्यंत पहिल्या दोन ओळी लागल्या, इतक्या विरळ की बांधावरून बघितलं तर नुसता चिखल दिसत होता.